बेचाळीस ओळी आणि एक ‘बघू’

जर तारीख रिकामी असेल,
तर परत दे: खरं.
नाहीतर
परत दे: खोटं.

या चार ओळी माझ्या आहेत. एकसष्टाव्या वर्षी, उशीवर लॅपटॉप ठेवून मी त्या लिहिल्या. खऱ्या कोडमध्ये त्या इंग्रजीत असतात, त्यांच्याभोवती महिरपी कंसांचं कुंपण असतं, आणि कुंपणाचा एक खांब विसरला तर सगळं पान पांढरं पडतं. इथे वाचकांच्या सोयीसाठी मराठीत उतरवल्या आहेत. नीट वाचा. काही वावगं दिसतं?

माझ्या मुलीला दिसलं.

“बाबा, हे काय लिहून राहिले तुम्ही?”

“कावून? चालून नाही राहिलं का?”

“चालते ना. पण तारीख रिकामी हाय का, याचं उत्तर आधीच खरं नाहीतर खोटं हाय. मग खरं असलं तर खरं, खोटं असलं तर खोटं, हे परत कावून सांगाचं? सीधा वही रिटर्न करो ना. जे आलं ते देऊन टाका.”

आणि तिने टकटक करून माझ्या चार ओळी पुसल्या. उरलं ते असं:

परत दे: तारीख रिकामी आहे.

पंधरा मिनिटं आरशासमोर उभं राहून बांधलेला फेटा कुणी एका हिसक्यात सोडावा आणि म्हणावं, “अहो, हा तर नुसता कपडा आहे,” तसं मला झालं. खुशबू नेहरू नगरातल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवते. हे तिचं रोजचं काम आहे, हे मला मान्य. पण मी तिचा बाप आहे, हेही कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

माझी बाजू ऐका. मी चौतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये काढली. तिथे शिफ्ट बदलताना लॉगबुक भरावं लागतं. कूलिंगचं पाणी चालू? हो. गॅसचा वास? नाही. क्रेनची घंटा वाजते? हो. घंटा वाजत असताना ती वाजते हे लिहिण्यात काय अर्थ, असं मी नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात फोरमनला विचारलं होतं. त्यानंतर एक चौकोन मी कोरा सोडला आणि मला मेमो मिळाला. फोरमन म्हणाले, “मेश्राम, कोरी जागा म्हणजे कोणी पाह्यलंच नाही. नाही असलं तर नाही लिहायचं. पण लिहायचं.” तेव्हापासून मी ‘हो’ही लिहितो आणि ‘नाही’ही लिहितो. माझं कोड म्हणजे शिफ्टचं लॉगबुक होतं. ते माझ्या मुलीने मेमो न देताच कोरं केलं.

*

पान कशासाठी होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाटेल की हा माणूस रिटायर होऊन खुळावला आहे. (तसं माझ्या बायकोला वाटतं. सत्यशीलाचं मत वेगळं नोंदवलेलं बरं.)

स्मृति नगरात आमच्या गल्लीचं एक सामुदायिक भवन आहे. भवनाचे सेक्रेटरी भय्याजी. दुर्गचं जुनं मराठी घर, बोलणं लोण्यासारखं. भवन हवं असलं की भय्याजींकडे जायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं. भय्याजी रजिस्टर उघडतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, “बघू.” भय्याजींनी आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. ‘बघू’ म्हणजे नाही, हे गल्लीत सगळ्यांना कळतं. ‘बघू ना बापा’ म्हणजे अजिबात नाही. ‘तुमचंच तर हाय भवन’ म्हणजे विषय काढू नका.

तर लोकांच्या या चकरा वाचाव्यात म्हणून मी फुकटचा ऑनलाइन कोर्स करून एक पान बनवलं: ‘भवन मिळेल का?’ आत चार प्रश्न. मागणारा गल्लीतला आहे का? त्या दिवशी भवन उघडं आहे का? तारीख रिकामी आहे का? सेक्रेटरींचा होकार आहे का? शेवटच्या प्रश्नासाठी एक चौकोन, त्यात भय्याजींनी एका बोटाने आपलं उत्तर लिहायचं. चारही उत्तरं खरी निघाली, तर मागणाऱ्याच्या फोनवर आपोआप निरोप: ‘आपणांस भवन मिळाले आहे. अभिनंदन.’ मग भय्याजी आपल्या पेनाने रजिस्टरमध्ये तारीख पक्की करतील; तोवर पानावर ती रिकामीच दिसेल. तो पेनाचा अधिकार त्यांनी सोडला नाही, मीही ओढला नाही.

सगळं मिळून बेचाळीस ओळी. कमिटीने त्या छापून घेतल्या, प्रत्येक पानावर भय्याजींची सही झाली, आणि ठराव मंजूर झाला.

पहिला अर्ज मीच टाकला. पुढच्या रविवारी खुशबूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मुलगा प्रशांत, रेल्वेत, दुर्गच्या मोहन नगरात घर. त्याचे वडील धोंडबाजी रेल्वेतूनच रिटायर झालेले, बोलायला मोजके, चालायला ताठ. तयारीचं लॉगबुक मीच ठेवलं होतं. अजून आहे माझ्याकडे. जसंच्या तसं देतो:

जेवण करणारा: हो.
नागपूरच्या मावश्या: हो (तिघी, तिकीट काढून झालं).
मुलाकडची माणसं: चाळीस. हो.
भवन: बघू.
मुलगी: बघू.
खुर्च्या: हो.

कोरी जागा एकही नाही. फोरमन असते तर पाठ थोपटली असती.

*

आता माझ्या हट्टाकडे येतो.

खुशबूने एकाच प्रश्नाच्या ओळी कमी केल्या होत्या. उरलेले तीन मी स्वतः कमी करायचं ठरवलं. बापाला ‘जे आलं ते देऊन टाका’ एवढं कळलं आहे, हे तिला दिसायला हवं होतं. ती ऑफिसला गेल्यावर मी बसलो. पहिला प्रश्न चार ओळींवरून एका ओळीवर आला. मी स्वतःलाच चहा केला.

दुसरा प्रश्न: उघडं आहे का. मंगळवारी भवन झाडून-पुसून घ्यायला बंद असतं. माझं जुनं लिखाण होतं: जर बंद असेल, तर परत दे खोटं, नाहीतर परत दे खरं. जे आलं ते देऊन टाकायचं, म्हणून मी लिहिलं, ‘परत दे: बंद आहे.’ वाचायला किती स्वच्छ वाटतं बघा.

संध्याकाळी भय्याजींचा फोन. “प्रेमानंदजी, जय भीम. एक गोष्ट विचारू का? तुमचं पान म्हणून राहिलं का भवन फक्त मंगळवारीच उघडं हाय. बाकी सहा दिवस बंद.”

खुशबूने ते पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरली. “बाबा, इथं उलटं परत कराचं होतं. समोर उद्गारचिन्ह लावा. ते लागलं का खऱ्याचं खोटं, खोट्याचं खरं.”

मी गुपचूप लावलं. पण साठ वर्षं उद्गारचिन्ह वाक्याच्या शेवटी, आश्चर्यासाठी लावत आलो. ते सुरुवातीला लावून माणसाचं म्हणणंच फिरवता येतं, हे एखाद्या शिक्षकाने वेळेवर सांगायला हवं होतं.

मग कमिटीची अडचण आली. जॉइंट सेक्रेटरी माणिकराव फाइल घेऊन बसले. “मंजुरी बेचाळीस ओळींची हाय. आता पानावर किती?”

“तीस.”

“मग बारा ओळी गेल्या कुठं?”

“गेल्या नाहीत, माणिकराव. त्यांची गरजच नव्हती.”

“गरज नव्हती तं आम्ही मंजूर कावून केल्या?”

तासाभराने ठराव झाला: ‘बारा ओळी कमी करण्यास हरकत नाही. मात्र कमी केलेल्या ओळी फाइलमध्ये जपून ठेवाव्यात. कधी लागतील सांगता येत नाही.’ मी मनात हसलो. ते हसणं आठवलं की अजून कान गरम होतात.

कारण त्या बारा ओळींत चौथा प्रश्न होता. तोही मी कमी केला होता:

परत दे: सेक्रेटरींचं उत्तर.

*

गुरुवारी सकाळी दारात केवलराम उभा. शेजारचं घर, प्लांटमध्ये वीस वर्षं माझ्याबरोबर. हातात लाडवाचा डबा.

“भइया, तोर मशीन ह बने हे! भय्याजी ल आठ महीना ले पूछत रहेंव, बघू-बघू करत रहिस. मशीन ह एके घाँव म हव कहि दिस!”

आठ महिने ‘बघू’ करणाऱ्या भय्याजींऐवजी माझ्या मशीनने एका फटक्यात होकार दिला, असा त्याला आनंद. नातवाची छट्ठी करायची होती. छट्ठी सहाव्या दिवशी करतात. भवन मिळेमिळेपर्यंत बाळ रांगायला लागलं होतं.

“कधी आहे छट्ठी?”

“इतवार.”

लाडू माझ्या तोंडात होता. तो गिळावा की काढावा, हे मला ठरवता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. अनुजा मॅडम, गल्लीच्या टोकाला डान्स क्लास चालवतात. “काका, थँक यू हं! वाटलंच नव्हतं भवन मिळेल. तीस मुली आहेत. रविवारी चारला तुम्ही आणि काकू पहिल्या रांगेत.”

मी म्हटलं, “बघू.”

त्यानंतर माझ्याच फोनवर एक निरोप आला. ‘आपणांस भवन मिळाले आहे. अभिनंदन.’ रविवार.

म्हणजे एक भवन, एक रविवार, आणि आत एक रांगतं बाळ, तीस नाचणाऱ्या मुली आणि मोहन नगरची चाळीस माणसं. सत्यशीला स्वयंपाकघरातून म्हणाली, “चांगलं झालं. पाळणा, नाच आणि साक्षगंध एकाच मांडवात. जेवण एकदाच लागन.”

अकराच्या सुमाराला भय्याजी स्वतः आले. चालत आले, टोपी हातात. ते खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीच्या कडेवर टेकले.

“प्रेमानंदजी, चाळीस वर्षं झाली. मी कोणाले नाही म्हटलं नाही, कोणाले खोटं हो बी म्हटलं नाही. आता लोकं मले रस्त्यात हात जोडून थँक्यू म्हणून राहिले. मी काय सांगू त्याईले?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं मी म्हणणार नाही. पण ते चष्मा पुसत होते आणि समोर रजिस्टर नव्हतं.

*

खुशबू त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि बाजूला उभा राहिलो. मेमो घ्यायला उभं राहतात तसा.

तिने एकच ओळ वाचली. “बाबा, तुम्ही उत्तरच परत दिलं.”

“तूच म्हटलं ना, जे आलं ते देऊन टाका.”

“जे आलं ते खरं किंवा खोटं असलं, तर. इथं तर भय्याजीचा चौकोन आला, त्याच्यात तिन्ही वेळा ‘बघू’. या भाषेत रिकामा चौकोन तेवढा खोटा. त्याच्यात काहीबी लिहिलं का मशीन खरं धरते. ‘हो’ लिहा, ‘बघू’ लिहा, ‘नाही’ जरी लिहिलं तरी खरंच. उत्तर ‘हो’ हाय का, हे विचाराचं होतं. तुम्ही नुसतं पाह्यलं का उत्तर आलं हाय का.”

“मग माझ्या जुन्या ओळी बरोबर होत्या?”

“लांब होत्या. पण बरोबर होत्या. कुठं हायत?”

माणिकरावांच्या फाइलमध्ये होत्या. भय्याजींनीच जाऊन ती आणली. खुशबूने पान उलटलं. त्या ओळींच्या शेजारी मी माझ्याच हौसेने एक टीप लिहिली होती. मशीन टीप वाचत नाही, माणसाने वाचावी म्हणून ती असते. खुशबूने ती मोठ्याने वाचली:

“‘बघू म्हटल्यास नाही समजावे. समोरच्याला दुखवायचे नसते म्हणून माणूस बघू म्हणतो.’”

भय्याजी खाली बघू लागले. “हे तुम्ही लिहिलं?”

“हो.”

खुशबूने पान मिटलं नाही. बोट त्या टिपेवरच ठेवलं. “भय्याजीचं तुम्हाले समजलं, बाबा,” ती म्हणाली.

बाहेर भाजीवाला ओरडत होता. सत्यशीला दारात येऊन उभी राहिली होती, हात ओले.

मला मशीनपेक्षा थोडा वेळ जास्त लागतो. पण मला माझं लॉगबुक आठवलं. मुलगी: बघू. मी चौकोन भरला म्हणून खूश झालो होतो. आणि खालच्या ओळीत खुर्च्यांना ‘हो’ लिहून मोकळा झालो होतो.

“खुशबू,” मी म्हटलं, “रविवारचं... तुले...”

“तुम्ही विचारलं, रविवार चालन का. मी म्हटलं, बघू.”

“ते कळलं. आता विचारून राहिलो. प्रशांतशी लग्न करायचं हाय का? हो का नाही?”

“नाही.”

“पोरगा...”

“पोरगा चांगला हाय. मले आत्ता नाही करायचं. कोणाशीच नाही.”

भय्याजी उठले आणि म्हणाले, “मी व्हरांड्यात बसतो.” आयुष्यात पहिल्यांदा ते एखाद्या गोष्टीतून सरळ बाहेर पडले.

*

धोंडबाजींना काय सांगायचं, याचा मी कागदावर मसुदा केला. तब्येतीची विचारपूस, ऊन, रेल्वेची बदली, मुलीच्या कंपनीचं काम, ग्रहमान (आम्ही मानत नाही, खोडलं), भवनाचा घोळ. भवनाचा घोळ मला फार आवडला. भवन मिळत नाही, म्हणून पुढे ढकलू, मग बघू. कुणाला काही लागणार नाही, दुखणार नाही. कागद भरला. मी ओळी मोजल्या. एकोणचाळीस.

खुशबूने तो कागद वाचला आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. काही खोडलं नाही. मीच खोडलं.

“धोंडबाजी, जय भीम. प्रेमानंद बोलतो. मुलगी नाही म्हणते.”

ते म्हणाले, “आमच्या पोराचं काही कानावर आलं का?”

“नाही. पोरगा चांगला हाय. तिले लग्न करायचं नाही आत्ता.”

“चाळीस लोकांले सांगून झालं ना, प्रेमानंदजी.”

“मले माहीत हाय. चूक माझी हाय. मी तिले विचारलंच नव्हतं.”

“आधी विचाराचं होतं,” एवढं म्हणाले. जय भीम म्हणाले, आणि फोन ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी फोन हातात धरून बसलो. आयुष्यात मला दोन मेमो मिळाले. दुसरा हा.

सत्यशीलाने चहा आणून ठेवला. “मले बी माझ्या टायमाले कोणी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

“आणि विचारलं असतं तर?”

“बघू म्हटलं असतं.”

ती हसली की नाही, ते मी अजून तपासतो आहे.

*

पुढचं पटकन सांगतो. रविवार केवलरामच्या नातवाला मिळाला, कारण आणखी उशीर झाला असता तर तो छट्ठीला चालत गेला असता. अनुजा मॅडमना कुणीतरी नकार द्यायला हवा होता. भय्याजी म्हणाले, मी देतो, फक्त तुम्ही संग चला. मॅडमच्या फाटकापाशी आम्ही दहा मिनिटं उभे होतो.

“म्हणा,” मी म्हटलं.

“ब...” भय्याजी म्हणाले.

“भय्याजी.”

मॅडम बाहेर आल्या. भय्याजींनी डोळे मिटले. “नाही,” ते म्हणाले. “या रविवारी भवन नाही.”

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या रविवारी?”

“पुढच्या रविवारी हो,” भय्याजी म्हणाले, आणि परत येताना सगळ्या रस्ताभर, “एवढंच असते का हो हे?” असं मला विचारत राहिले.

छट्ठीला आम्हीही गेलो. नागपूरच्या तिघी मावश्यांची तिकिटं निघालेलीच होती, त्याही आल्या. बाळ पाळण्यात बसायला तयार नव्हतं, ते खुर्च्यांखालून रांगत होतं. थोरल्या मावशीने भजी घेतली, खुशबूला जवळ ओढलं आणि म्हणाली, “झालं ते झालं बाई. भंडाऱ्याचा एक पोरगा हाय, बँकेत. दिवाळीनंतर त्याईले बोलावू का?”

“नाही,” खुशबू म्हणाली, आणि पुढचं भजं उचललं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की बापाने आता काहीतरी जोडावं. पोरगी लहान आहे, लाजते, दिवाळी यायची आहे, बघू. मला चार-पाच ओळी सहज सुचल्या. चांगल्या होत्या.

“नाही,” मी म्हटलं.